बर्फाच्या मागावर : मुंबई ते मिरज

मिरजेजवळचे एक गाव हे माझे माहेर. दर मे महिन्यात मुंबईहून आम्ही तेथे जातो आणि दर वेळी हा प्रवास रात्रीच्या गाडीत झोपेतच उरकतो. यंदा मात्र नववीत गेलेल्या माझ्या भाचीने सुट्टीतील प्रकल्पासाठी आइस्क्रीम हा विषय घेतला आणि आम्ही दोघींनी ही वाट पाच दिवसांत, थांबत थांबत, चालायची ठरवली. मी शाळेत विज्ञान शिकवते. आइस्क्रीमची गोष्ट खरे तर दुधासाखरेची नसून बर्फाची आहे, हे मी तिला निघण्यापूर्वीच सांगून ठेवले होते. दूध, साखर, केशर, आंबा हे सगळे आपल्याकडे पूर्वापार होते. नव्हता तो बर्फ, आणि तो कोठून आला, कसा टिकला, मिठाने त्याच्याशी काय केले, हे कळले की पुढचे सारे आपोआप उलगडत जाते.

दिवस पहिला : काळा घोडा आणि चर्चगेट

सकाळी नऊच्या आत आम्ही काळ्या घोड्याजवळच्या सेंट अँड्र्यूज चर्चपाशी पोचलो. चर्चच्या शेजारी, लायन गेटच्या समोर, कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटची इमारत उभी आहे. जुनी पारशी आणि इराणी हस्तलिखिते जपणारी ही संस्था जेथे आहे, त्या ठिकाणी एकोणिसाव्या शतकात मुंबईचे बर्फघर होते. जुन्या छायाचित्रांत चर्चच्या बाजूला त्याचा गोल घुमट दिसतो. आज तेथे त्याची काहीही खूण नाही, तरीही भाची बराच वेळ फुटपाथवर उभी राहून त्या जागेकडे पाहत होती, आणि मला ते फार आवडले.

या बर्फघरात साठवला जाणारा बर्फ अमेरिकेतून येत असे. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्याने हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून उष्ण देशांत विकण्याचा उद्योग आरंभला होता. त्याचे पहिले जहाज १८०६ मध्ये कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर गेले. भारताची पाळी आली ती १८३३ मध्ये. त्या वर्षीच्या मे महिन्यात ‘तस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचले, आणि तेव्हाही त्यात सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्या दहा वर्षांत मद्रास आणि मुंबई येथेही बर्फघरे झाली. त्यांपैकी मद्रासचे, १८४२ मधले, तेवढे आज उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे राहिले होते, म्हणून आता ते विवेकानंदांच्या नावाने ओळखले जाते.

चार महिने समुद्रावर, तेही दोनदा विषुववृत्तावरून, आणि तरी निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत, हे भाचीला पटेना. मी तिला दोन कारणे सांगितली. पहिले म्हणजे लाकडाचा भुसा. तो उष्णता आत शिरू देत नाही, आणि न्यू इंग्लंडमधल्या लाकूड गिरण्यांत तो टाकाऊ म्हणून पडून असे. दुसरे कारण बर्फाच्या स्वभावातच आहे. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळवून शून्य अंशावरचेच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच एक किलो पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापेल. बर्फ वितळायला इतका चिवट असतो म्हणूनच तो सातासमुद्रांपलीकडून येऊ शकला. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात राहिली, तर पाचव्या दिवशी घरी आइस्क्रीमचा पॉट फिरवताना काय घडते ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही, असेही मी तिला म्हणाले.

आपण ज्या रस्त्यावर उभे आहोत त्याचे नाव काय, असे मी तिला विचारले. तिने पाटी वाचली: मुंबई समाचार मार्ग. १८२२ मध्ये निघालेले आणि आजही चालू असलेले हे गुजराती वृत्तपत्र मुंबईच्या आइस्क्रीमच्या इतिहासात एका मजेदार बातमीमुळे अजरामर झाले आहे. १८३०च्या दशकात जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या घरच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढले. मुंबईत असे पहिल्यांदाच घडत होते. त्यानंतर यजमान आणि पाहुणे सर्दीने आजारी पडल्याचे या पत्राने छापले. ज्या गल्लीत बर्फघर होते त्याच गल्लीला पुढे त्या सर्दीची बातमी देणाऱ्या पत्राचे नाव मिळावे, हा योग मला तरी विलक्षण वाटतो. आइस्क्रीम खाल्ल्याने सर्दी होते ही आपल्या घराघरांतली समजूतही तितकीच जुनी म्हणायची. सर्दी विषाणूंमुळे होते, थंड पदार्थाने नव्हे, हे मी वर्गात दर वर्षी सांगते आणि दर वर्षी मुलांच्या आया ते ऐकत नाहीत.

अमेरिकन बर्फाचा हा व्यापार १८७०च्या दशकानंतर ओसरला, कारण बर्फ करणारी यंत्रे आली. बर्फ इथेच तयार होऊ लागला आणि श्रीमंतांच्या मेजावरून खाली उतरून हळूहळू रस्त्यावर आला.

दुपारी चर्चगेटला के. रुस्तम यांच्या दुकानात गेलो. ब्रेबॉर्न स्टेडियमच्या इमारतीतले हे दुकान १९५३ पासून चालू आहे आणि तेथे कोन नाही, वाटीही नाही. आइस्क्रीमची चौकोनी जाड वडी कापतात आणि दोन पातळ, कुरकुरीत वेफरच्या मध्ये ठेवून हातात देतात. हे खाण्याचीही एक रीत आहे, ती मी माझ्या वडिलांकडून शिकले. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली की दुसऱ्या बाजूने ओघळ मनगटावर येतात. त्याऐवजी वडी फिरवत चारी कडा आधी चाटून घ्यायच्या आणि मग चावायचे. वेफरला गोडी जवळजवळ नसते, आणि तेच योग्य आहे, कारण त्यामुळे आतल्या फळाची चव झाकली जात नाही. भाचीने घाईने मोठा घास घेतला आणि दुसऱ्याच क्षणी कपाळ धरून बसली. टाळूला एकदम थंडावा लागला की तेथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि लगेच रुंदावतात. ती वेदना चेहऱ्याच्या मज्जातंतूवाटे मेंदूकडे जाते आणि मेंदूला ती कपाळातून आल्यासारखी वाटते. वैद्यकात या अर्ध्या मिनिटाच्या दुखण्याला स्फेनोपॅलाटाइन गँग्लिओन्यूराल्जिया असे भारदस्त नाव आहे. उपाय साधा आहे: जिभेने टाळू दाबून धरायचा, म्हणजे तो लवकर गरम होतो. तिने तसे केले आणि कपाळ उतरले.

दिवस दुसरा : बोहरी मोहल्ला, क्रॉफर्ड मार्केट, चौपाटी

भेंडीबाजाराजवळच्या बोहरी मोहल्ल्यात खारा टँक रोडवर ताज आइस्क्रीम आहे. १८८७ पासूनचे हे दुकान आजही हाताने फिरवलेल्या सांच्याच्या आइस्क्रीमसाठी ओळखले जाते. सांचा म्हणजे आपल्या घरच्या पॉटचा थोरला भाऊ. लाकडी पिंप, त्यात धातूचा उभा डबा, आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत ठेचलेला बर्फ आणि मीठ. डब्यातले दूध आणि फळाचा गर फिरत राहतो, डब्याच्या भिंतीशी गोठतो, खरवडला जातो आणि पुन्हा आत मिसळतो. आम्ही आंब्याचे मागवले. दाते असलेल्या चमच्याने कापावे लागावे इतके ते घट्ट होते, आणि जिभेवर ठेवल्यावर आधी गारवा न जाणवता आंबाच जाणवला. आंब्याच्या गराचे तंतूही लागत होते.

मिठाचे काम समजून घ्यायला या दुकानासारखी जागा नाही. साधा वितळता बर्फ शून्य अंशावर असतो. पण गोड दूध शून्याला गोठत नाही, त्याला उणे दोन-तीन अंश तरी लागतात, कारण विरघळलेली साखर पाण्याला गोठू देत नाही. म्हणजे डब्याभोवती नुसता बर्फ कितीही लावला तरी आत केवळ थंड दूध मिळेल, आइस्क्रीम नव्हे. बर्फात मीठ घातले की तो शून्याखालीही वितळू लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता शेजारच्या दुधातून ओढून घेतो. मीठ आणि बर्फ यांचे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. थंडी आत ‘शिरत’ नाही, उष्णता बाहेर ‘जाते’, हे वाक्य मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले असेल, पण खारे पाणी पाझरणाऱ्या पिंपाशेजारी उभे राहिल्यावर ते लिहावे लागत नाही.

येथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. दाऊदी बोहरा कुटुंबांत सगळे एका मोठ्या थाळाभोवती बसून जेवतात आणि जेवणाची सुरुवात चिमूटभर मीठ चाखून होते. त्यानंतर आधी गोड पदार्थ येतो, मग तिखट, मग पुन्हा गोड, आणि पहिल्या गोडात अनेकदा आइस्क्रीम असते. मीठ आणि आइस्क्रीम यांची जोडी पिंपात तर असतेच, ती थाळातही आहे, आणि ती आहे खारा टँकच्या परिसरात.

तेथून चालत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई गाठली आणि समोरच्या बादशाह या १९०५ पासूनच्या दुकानात फालुदा घेतला. फालुदा हा इराणचा पाहुणा आहे. शिराझ शहरात आजही फालुदे म्हणून जे मिळते ते अर्धवट गोठलेल्या, गुलाबपाणी घातलेल्या साखरपाकात पिठुळाच्या बारीक शेवया असे असते. त्यात दूध नसते. आपल्याकडे आल्यावर त्याला दूध, सब्जा आणि वर आइस्क्रीमचा गोळा मिळाला. मुंबईचे पारशी जमशेदी नवरोजला आवर्जून फालुदा करतात, तेव्हा ही वाट इराणपासून सरळ जोडलेली आहे. सब्जाचे काळे दाणे पाण्यात टाकल्यावर काही मिनिटांत भोवती पारदर्शक झगा घालतात, तो प्रकार भाचीने पेल्याला डोळा लावून पाहिला.

संध्याकाळी गिरगाव चौपाटीसमोरच्या न्यू कुल्फी सेंटरमध्ये मला तिला एकच वस्तू दाखवायची होती, ती म्हणजे तराजू. येथे कुल्फी वजनावर विकतात. साच्यातून काढून तोलतात आणि चौकोनी तुकडे करून देतात. याउलट कारखान्यातले आइस्क्रीम लिटरवर, म्हणजे आकारमानावर, विकले जाते. फरकाचे कारण हवा. आइस्क्रीम घुसळताना त्यात हवा मिसळते, आणि ती हवी असतेच, नाहीतर ते दगडासारखे होईल. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम असले पाहिजे, म्हणजे डब्यातली जवळजवळ निम्मी जागा हवेने भरली तरी ते कायदेशीर ठरते. कुल्फी घुसळली जात नाही. दूध आटवून निम्म्याहून कमी करायचे, साच्यात भरून तोंड बंद करायचे आणि बर्फमिठात पुरून ठेवायचे, एवढेच. त्यामुळे ती जड असते, सावकाश वितळते, आणि तिला तराजू शोभतो.

‘कुल्फी’ हा शब्दही मराठी माणसाला परका नाही. अरबीत ‘कुफ्ल’ म्हणजे टाळे. तो शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीत त्याचे झाले ‘कुलूप’. झाकण लावून बंद केलेल्या साच्यातली म्हणून ती कुल्फी. कुलूप आणि कुल्फी या सख्ख्या बहिणी आहेत हे कळल्यापासून साच्याच्या झाकणाला लावलेली कणीक पाहिली की मला कुलपाची आठवण होते.

तराजूजवळ उभे राहून भाचीने विचारले, “मावशी, अमेरिकेच्या जहाजाआधी बर्फ नव्हताच का मग आपल्याकडे?” होता, पण मोजक्यांसाठी. ‘ऐन-ए-अकबरी’त नोंद आहे की अकबराच्या पदरी सोऱ्याने पाणी थंड करण्याची युक्ती रूढ होती. सोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूत लागणारा तोच क्षार, पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो. त्या पाण्यात सुरई फिरवली की आतले पाणी गार होते. पुढे १५८६च्या सुमारास दरबार पंजाबात गेल्यावर लाहोरपासून काही कोसांवरच्या डोंगरांतून होड्या, गाड्या आणि हमाल यांच्या साहाय्याने रोज बर्फ येऊ लागला. जो पदार्थ तोफेत जातो तोच सरबत गार करतो, हे तिने वहीत दोनदा अधोरेखित केले.

दिवस तिसरा : पुणे

सकाळच्या गाडीने पुण्याला आलो. घाटात दोन्ही बाजूंना करवंदाच्या जाळ्या दिसत होत्या, आणि खिडकीबाहेर पाहण्यातच तो वेळ गेला.

पुण्यात आम्ही गेलो ते केवळ मस्तानीसाठी. सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीच्या चौकातल्या सुजाता मस्तानीत आंबा मस्तानी घेतली. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: दाट, आइस्क्रीम घालूनच घुसळलेले फळाचे दूध उंच पेल्यात काठोकाठ भरतात आणि त्यावर पुन्हा आइस्क्रीमचा गोळा ठेवतात. तो गोळा वरून वितळत खालच्या दुधात उतरत राहतो, म्हणून पेल्याचा पहिला आणि शेवटचा घोट सारख्याच गारव्याचा असतो. मिल्कशेकमध्ये बर्फाचा चुरा घातला की तो शेवटी पाणचट होतो. मस्तानीत पाण्याला जागाच नसते. हा साधा वाटणारा विचार फार हुशारीचा आहे असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि मस्तानीला शेक म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते.

बाजीरावांच्या मस्तानीशी या पेल्याचा संबंध नावापुरताच. ती १७४० मध्ये गेली, म्हणजे ट्यूडरचे जहाज भारतात पोचण्याच्या ९३ वर्षे आधी. बर्फ घातलेला पेला तिने कधी हाती धरला असेल असे मला वाटत नाही, आणि तिच्या नावाने आज भर उन्हात हजारो लोक गार होतात, याचे मला त्या चौकात उभे असताना थोडे वाईटही वाटले.

दिवस चौथा : महामार्ग, कोल्हापूर आणि रात्रीची गच्ची

पुणे-कोल्हापूर रस्त्यावर एका थांब्यावर भाचीने कपातले आइस्क्रीम घेतले. दोन चमचे खाऊन ती म्हणाली, “मावशी, हे वितळतच नाहीये, आणि टाळूला काहीतरी चिकटतंय.” मी कप फिरवून पाहिला. ‘आइस्क्रीम’ हा शब्द त्यावर कोठेच नव्हता. बारीक अक्षरांत ‘फ्रोझन डेझर्ट’ आणि खाली वनस्पती तेल असे लिहिलेले होते. दुकानदाराने मात्र आइस्क्रीम म्हणूनच दिले होते आणि तेवढेच पैसे घेतले होते. नियम स्पष्ट आहे: आइस्क्रीम म्हणायचे तर दुधातली स्निग्धता किमान १० टक्के हवी आणि ती दुधाचीच हवी. दुधाचे तूप शरीराच्या उष्णतेच्या आसपास वितळते, म्हणून ते जिभेवर विरघळते. काही वनस्पती तेले तितकी सहज वितळत नाहीत आणि तोंडात मेणासारखा थर ठेवतात. असा पदार्थ विकणे गैर नाही, पण मागितले एक आणि दिले दुसरे हे गैर आहे. पालकांनी मुलांना इतर काही शिकवले नाही तरी कप फिरवून वाचायला जरूर शिकवावे.

त्याच थांब्याबाहेर सायकलवर लाकडी पेटी बांधलेला गारेगारवाला उभा होता. लाल रंगाचे, काडीवरचे गारेगार आम्ही दोघींनी घेतले. त्याने स्वतःला काही वेगळे म्हणवले नव्हते. साखर, पाणी, रंग आणि बर्फ, एवढेच त्यात होते आणि तेवढेच त्याने सांगितले. काडीवरच्या या प्रकाराचे श्रेय अमेरिकेत फ्रँक एपर्सन या मुलाला देतात. १९०५ मध्ये, अकरा वर्षांचा असताना, तो सरबताचा पेला ढवळायच्या काडीसकट थंडीच्या रात्री बाहेर विसरला आणि सकाळी त्याला काडीला चिकटलेला बर्फ मिळाला. त्याचे हक्क त्याने नोंदवले ते मात्र १९२४ मध्ये, चांगला मोठा झाल्यावर.

कोल्हापुरात दुपारी कॉकटेल घेतले. या नावात मद्याचा थेंबही नाही. व्हॅनिला आइस्क्रीम, फळांचे तुकडे, जेली आणि सुकामेवा थराथराने पेल्यात भरलेला असा तो कोल्हापुरी थाट आहे. माझे लक्ष त्यातल्या व्हॅनिलाकडे होते. साधी, बेचव अशा अर्थाने आपण हा शब्द वापरू लागलो आहोत, आणि तो त्या फुलावर अन्याय आहे. व्हॅनिला ही मेक्सिकोतली एक वेल, आमरांच्या, म्हणजे ऑर्किडच्या, कुळातली. तिचे फूल एकच दिवस उमलते, आणि मेक्सिकोबाहेर त्याचे परागीभवन होत नसल्याने शेंगा धरत नसत. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा यांच्या साहाय्याने हे काम हाताने करून दाखवले. जगभर आजही हीच पद्धत वापरतात. १८४८ मध्ये तो मुक्त झाला, पण त्याच्या शोधातून ज्यांनी पैसा केला त्यांनी त्याला काही दिले नाही. १८८० मध्ये तो गरिबीतच मरण पावला. भाची पेला अर्धा ठेवून ऐकत होती. नंतर तिने व्हॅनिलाचा थर वेगळा काढून, काहीही न मिसळता, सावकाश खाल्ला.

संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर समोर पिळलेले म्हशीचे धारोष्ण दूध प्यालो. गाईच्या दुधात स्निग्धता चार टक्क्यांच्या आसपास, म्हशीच्या दुधात सातच्या आसपास. आपल्या कुल्फीची आणि रबडीची श्रीमंती याच दुधातून येते. तेथून एस.टी.ने घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले.

आईने गच्चीवर गाद्या घातल्या होत्या. आकाश निरभ्र होते. मी भाचीला अलाहाबादच्या बर्फाची हकीगत सांगितली. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये ती लिहून ठेवली आहे. हिवाळ्यात मोकळ्या जागी सुमारे दोन फूट खोल खड्डे खणत, त्यांत उसाची चिपाडे किंवा मक्याची ताटे पसरत, आणि त्यांवर मातीची उथळ, कच्ची परळे मांडून संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेले पाणी ओतत. हवा शून्य अंशांपर्यंत उतरत नसतानाही पहाटे त्या परळांत बर्फाचा पापुद्रा धरलेला असे. सूर्य उगवण्यापूर्वी माणसे तो गोळा करून खोल खड्ड्यात साठवत. परळ्यातले पाणी मातीतून झिरपून वाळताना थंड होते, आणि निरभ्र रात्री ते आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहते. खालची चिपाडे जमिनीची ऊब वर येऊ देत नाहीत. मे महिन्यात बर्फ होणार नव्हताच, तरी तिने दोन परळांत पाणी भरले, एक कडब्यावर ठेवले आणि दुसरे जिन्याच्या छपराखाली. पहाटे बोट बुडवून पाहिले तेव्हा कडब्यावरचे स्पष्टपणे अधिक गार होते. तिने मला हलवून उठवले आणि माझेही बोट बुडवायला लावले.

दिवस पाचवा : घरचा पॉट

पॉट माळ्यावरून दादाने सकाळीच खाली काढला. लाकडी बादली वर्षभर कोरडी राहिल्याने फळ्यांमध्ये फटी पडल्या होत्या, म्हणून आईने ती दोन तास पाण्यात बुडवून ठेवायला सांगितली; लाकूड फुगले की फटी मिटतात. आतला कल्हई केलेला डबा आणि लाकडी पाती तिने स्वतः गरम पाण्याने धुतली. हाताने फिरवायच्या अशा पॉटचे हक्क १८४३ मध्ये फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी घेतले होते, आणि पावणेदोनशेहून अधिक वर्षांत त्यात बदलावे असे फारसे काही कोणाला सापडलेले नाही.

दूध आईने आदल्या दिवशीच आटवून ठेवले होते. त्यात साखर, वेलदोड्याची पूड आणि सहा हापूस आंब्यांचा रस गेला. डबा तीन चतुर्थांशच भरायचा, कारण गोठताना आणि फिरताना ते फुगते, हे तिने कोणाला न विचारता सांगितले. बर्फाची लादी मिरजेहून गोणपाटात गुंडाळून, भुसा लावून आली. भाचीने तो भुसा हातात घेतला आणि माझ्याकडे पाहून हसली. बोस्टनचा भुसा आमच्या अंगणात आला होता. दादाने गोणपाटावरूनच दांडक्याने लादी फोडली. मग बादलीत चार बोटे बर्फ, त्यावर मूठभर जाडे मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ.

पहिली दहा मिनिटे दांडा हलका फिरतो, म्हणून ती पोरांची. शेजारची चार मुले रांग लावून बसली होती आणि प्रत्येकाने शंभरपर्यंत मोजून दांडा पुढच्याला द्यायचा, असा आईचा कायदा होता. भाचीने शाळेतून आणलेला तापमापक बर्फमिठात खोचला. पारा शून्यावरून उतरत उतरत उणे ११ वर गेला आणि ती ओरडली, तशी सगळी पोरे दांडा सोडून तापमापकाभोवती जमली. “थांबवू नका रे, खडे धरतील!” आई आतून म्हणाली. तिला स्फटिकांचे शास्त्र कोणी शिकवलेले नाही, पण तिचे म्हणणे काटेकोर आहे. दूध स्थिर राहिले की बर्फाचे स्फटिक मोठे वाढतात आणि जिभेला रवाळ लागतात. फिरत राहिले की भिंतीवर धरलेला बारीक बर्फ लगेच खरवडला जातो आणि बारीकच राहतो. एकदा वितळलेले आइस्क्रीम पुन्हा फ्रीजमध्ये ठेवले की ते खरखरीत होते, तेही यामुळेच.

वीस-पंचवीस मिनिटांनी दांडा जड झाला. मग दादा बसला, बादली हलू नये म्हणून झाकणावर गोणपाट घालून एका मुलाला त्यावर बसवले, आणि शेवटच्या फेऱ्या त्याने खांद्याचा जोर लावून मारल्या. बादलीच्या भोकातून खारे पाणी धारेने वाहत होते.

डबा उघडण्याआधी आईने झाकणावरचा बर्फ हाताने बाजूला सारला, ओल्या फडक्याने कडा दोनदा पुसली आणि मगच झाकण उचलले. मिठाचा एक थेंब आत गेला तर सगळे वाया, हे ती दर वर्षी म्हणते आणि यंदाही म्हणाली. आतले आइस्क्रीम फिकट केशरी, मऊ आणि किंचित चकाकणारे होते. पाती वर ओढली तेव्हा तिला बोटभर जाड थर चिकटून आला. पाती चाटण्याचा मान आमच्या घरी ज्याने शेवटी पॉट फिरवला त्याचा. दादाने ती भाचीच्या हातात दिली.

वाट्या भरल्या, चार घरी पाठवल्या, आणि उरलेल्या डब्यावर पुन्हा बर्फमीठ दाबून गोणपाट टाकला. नंतर भाची बादली घेऊन खारे पाणी आंब्याच्या आळ्यात ओतायला निघाली, तेव्हा आईने तिला हाक मारून थांबवले आणि ते कुंपणाबाहेरच्या वाटेवर ओतायला सांगितले.